ओढली की पळणारी गाडी

उभं आयुष्य बैल हाकण्यात घालवलेल्या माणसाला मी रिमोटचा ट्रक विकला आणि सांगितलं, "चालवायला एकदम सोपा आहे."

चूक एवढीच. वाचताना ती चूक वाटत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही वाटली नव्हती. ती कळायला मला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा वेळ लागला. तेवढ्या वेळात आमच्याकडे धान कापून होतं, मळून होतं, गिरणीत जाऊन त्याचा तांदूळ होतो आणि लोक त्याचा भात खाऊन ढेकर देतात. माझा उजेड मात्र अजून पडायचा होता.

माझं दुकान वडशाला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. मूळचा मी रेडिओ-टीव्हीचा मिस्त्री. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे ॲम्प्लिफायर हिवाळ्यात माझ्याकडे दुरुस्तीला येत आणि हिवाळा संपला की मी माशा मारत बसे. एका उन्हाळ्यात चंद्रपूरच्या कुण्या साहेबाची रिमोटची मोटार फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. मी ती खोलली, तारा जोडल्या आणि चालू केली. ती डावीकडे म्हटलं की उजवीकडे जात होती. मी पुन्हा खोलली. साहेबांचा माणूस घ्यायला येईपर्यंत मी ती इतक्यांदा खोलली-लावली की त्या मोटारीला माझा आणि मला तिचा नाद लागला. पुढे रेडिओ गेले, टीव्ही भिंतीला चिकटले आणि दुरुस्तीपेक्षा नवा घेणं लोकांना सोपं वाटू लागलं. मी पाटीवर रेडिओच्या खाली "रिमोटच्या गाड्या व ट्रक" असं रंगवून घेतलं. लोक मला रेडिओभाऊ म्हणत, ते रिमोटभाऊ म्हणू लागले. ही माझी एकुलती एक बढती.

आता हा धंदा काय असतो ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं हसणं नीट जागी येईल.

जत्रेत मिळते ती रिमोटची गाडी वेगळी. ती डावीकडे वळली तर पूर्ण वळते, नाही तर वळतच नाही. तिचं पोट चिकटवून बंद केलेलं असतं. मोडली की पोरगं रडतं, बाप वैतागतो, आजी तिची चाकं काढून ठेवते. शौकाची गाडी म्हणजे खऱ्या गाडीचं लहान भावंड. रिमोटचं चाक जितकं फिरवाल तितकीच ती वळते. तिला स्प्रिंगा असतात, दांड्या असतात, दात्यांची चक्रं असतात आणि प्रत्येक गोष्ट स्क्रूने उघडते. मोडलेला भाग काढा, नवा बसवा. म्हणून पहिली गाडी घेणाऱ्याला मी आधी रंग दाखवत नाही, सुट्या भागांचा डबा दाखवतो. ज्या गाडीचे भाग दुकानदाराकडे नाहीत ती गाडी घ्यायची नाही, मग तो दुकानदार मी का असेना.

दुसरं, पहिली गाडी हळू घ्यावी. हे कुणालाही पटत नाही. आणि जमीन पाहून घ्यावी. खाली घासत जाणारी देखणी मोटार शहरातल्या गुळगुळीत पटांगणासाठी. आमच्याकडे धानाच्या बांधीतली धसकटं, वैनगंगेची रेती आणि नगरपरिषदेने खोदून विसरलेला रस्ता, असा तिहेरी बंदोबस्त आहे. इथे मोठ्या चाकांचा, चारही चाकांत जोर असलेला ट्रकच हवा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिसरा. गाडी चालवणार कोण? याचं खरं उत्तर मला कधीच मिळालेलं नाही. टक्कल पडलेला माणूस दुकानात येतो, काचेला नाक लावतो आणि म्हणतो, "नातवासाठी पाहून राह्यलो." चिमूरचे एक निवृत्त मास्तर असेच नातवासाठी ट्रक घेऊन गेले. मी नातवाचं वय विचारलं तर म्हणाले, "अजून व्हायचाय." वडशापासून सिरोंच्यापर्यंत साठीच्या माणसाने उघड्यावर खेळलेलं चालत नाही, पण नातवाला शिकवलेलं चालतं. तेव्हापासून मी वय विचारणं सोडलं. "नातवाच्या हाताची पकड कशी आहे? दाखवा बरं," असं म्हणतो, आणि ते मुकाट्याने आपला हात पुढे करतात.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक तरुण आला, म्हणाला, "सगळ्यात जोरात पळते ते द्या. बाकी बोलू नका." मी बोललो नाही. त्याने ती दुकानाच्या पायरीवरूनच सोडली. ती कुठे गेली ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही, फक्त समोरच्या नालीतून आवाज आला. ताडोब्याच्या बाजूला पाहुण्यांच्या खोल्या बांधणारे एक शेठ आले. त्यांना गाडीवर कॅमेरा लावून वाघाजवळ न्यायची होती. म्हणाले, "वाघानं गाडी नेली तर वॉरंटी आहे का?" मी म्हटलं, "गाडीची नाही. पण वनखात्याकडून तुमची सोय होते, राहण्याखाण्यासकट." शेठ पुन्हा दिसले नाहीत.

आणि एका नाटक कंपनीच्या मॅनेजरला नायिकेकडे प्रेमपत्र नेणारी मोटार हवी होती. दुपारच्या तालमीत मी स्वतः विंगेत बसून ती सोडली. मोटार अगदी रुबाबात निघाली, नायिकेला वळसा घालून गेली आणि तबलजीला पत्र देऊन उभी राहिली. तबलजीने ते उघडून वाचलंही. मॅनेजर म्हणाला, "भाऊ, तुमी ॲम्प्लिफायरच पाहा."

अशा वेळी तोंड वाचवायला माझ्याकडे एक वाक्य होतं. ते मी पेंटरकडून लिहून घेऊन गल्ल्याच्या वर टांगलं होतं. "गाडीत दोष नसतो, हातात असतो." माझी बायको मंदा ती पाटी पुसताना दर वेळी माझ्या हातांकडे बघायची. मी दुर्लक्ष करायचो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शालूबाई आल्या. कुरखेड्याच्या अलीकडच्या एका गावच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "वडिलांसाठी पाह्यजे. नातवासाठी नाई."

माझ्या दुकानाच्या इतिहासात असं खरं बोलणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी त्यांना खुर्ची दिली.

त्यांचे वडील डोमाजी. शंकरपटातले नावाजलेले धुरकरी, म्हणजे बैलांच्या शर्यतीत जोडी हाकणारे. जोडीचं नाव सोन्या आणि लाख्या. बैल म्हातारे होऊन गेले, मधली काही वर्षं पटच बंद होते. पुन्हा सुरू झाले तोवर डोमाजीभाऊ अंगणात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टरांनी वॉकर दिला, चाला म्हणाले. डोमाजीभाऊंनी त्याचं नाव घोडी ठेवलं आणि घरात तिला धरून चालूही लागले. पण ओसरीच्या खाली पाय ठेवायला तयार नव्हते.

"म्हणतात, त्या घोडीसंगं मले गावानं पाह्यलं तर मी संपलो," शालूबाई म्हणाल्या. "संक्रांतीनंतर आमच्या गावचा पट आहे. मी म्हटलं, बाबा, खुर्ची टाकून देतो, बसून पाहा. तर म्हणतात, पट उभ्यानं पाहाचा असते, खुर्चीवर पाहुणे बसतात. माझ्याच गावात मी पाहुना होऊ काय?"

"मग गाडी कशासाठी?"

"पटाच्या कमिटीवाले म्हणून राह्यले का दुपारच्या सुट्टीत कोनी काई दाखवत असन तर दाखवा. मले वाटलं, बाबाच्या हातात काई हाकाले असलं तर ते जातीन. बघाले नाई जानार. हाकाले जातीन."

बाई नेमकं बोलल्या होत्या. त्यांना हवी होती ती वस्तू माझ्याकडे होती. इथून पुढे सगळं मी केलं.

मी विचार केला, पटाचा माणूस. पट म्हणजे वेग. मग याला हळू गाडी देणं म्हणजे अपमान. गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं देत आलेला माझाच सल्ला मी माझ्याच हाताने बाजूला सारला आणि फळीवरचा सगळ्यात पळणारा ट्रक काढला. लाखेच्या रंगाचा, मोठ्या चाकांचा. शालूबाईंनी शंका काढली, "जास्त जोरात नाई जानार ना हे?" मी म्हटलं, "चालवायला एकदम सोपा आहे." ते वाक्य इथे आलं.

ट्रक घेऊन मीच गावी गेलो. अंगणात धान वाळत घातलेलं, कोंबड्या हिंडत होत्या, ओसरीवर खुर्चीत डोमाजीभाऊ. अंगकाठी वाळलेली, मिशा मात्र पिळदार. त्यांनी ट्रक उलटापालटा करून पाहिला. बैलाचे दात पाहावेत तसं पुढचं जाळीदार तोंड उघडायला बघितलं.

"हे एकटंच काऊन आहे गा? जोडी कुठी आहे?"

"हे एकटंच असतं भाऊ."

"मंग दुसरं मेलं काय?"

मी रिमोट दाखवला. तो पिस्तुलासारखा असतो. एका हातात धरायचा. तर्जनीखाली चाप. दुसऱ्या हाताने बाजूचं लहानसं चाक फिरवलं की गाडी वळते. चाप आपल्याकडे ओढला की गाडी पळते, जितका ओढाल तितकी जोरात. चाप पुढे ढकलला की ब्रेक. मी अंगणात दोन गिरक्या मारून दाखवल्या, कोंबड्यांना आदराने वळसा घातला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चाप ओढला. ट्रक निघाला. समोर धान आलं. डोमाजीभाऊ ओरडले, "हो, हो, हो!" ट्रक धानातून गेला. "अबे हो ना!" ट्रक कोंबड्यांतून गेला. मी ओरडलो, "थांबवा, थांबवा!" ते ओरडले, "थांबवूनच राह्यलो ना गा!" ट्रक आणखी चेकाळला, फाटकातून बाहेर पडला आणि शेजारच्या ऋषीच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात पार आत घुसला. ढिगातून बराच वेळ चाकं फिरण्याचा आवाज येत होता.

मी तणसातून बाहेर आलो. ट्रक काखेत होता, केसांत काड्या होत्या, आणि दुकानात टांगलेलं वाक्य तोंडातून आपोआप निघालं.

"गाडीत दोष नसतो भाऊ, हातात असतो."

डोमाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रिमोट मांडीवर ठेवला. शालूबाई धान झाडू लागल्या.

त्यानंतर मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणतात. शालूबाईंचा फोन आला की मोटरसायकल काढायची आणि जायचं. पुढचा बंपर तुटला, मी जाड बंपर लावला. पुढची चाकं वाकडी झाली, मी दांड्या बदलल्या. तरी सुटतोच म्हणाल्या, मी बॅटरी बदलली. मग मला आठवलं की रिमोटवर वेग कमी करायचं बटण आहे. ते फिरवून वेग निम्मा केला. आता ट्रक तेच सगळं सावकाश करू लागला. पूर्वी कोंबड्यांना पळायला वेळ मिळत नसे, आता त्या मागे वळून बघत पळत. फरक एवढाच.

डोमाजीभाऊ दर वेळी कमी बोलत. आधी शिव्या देत होते, मग हुंकार, मग तेही नाही. एकदा मी स्क्रू पिळत असताना आपले हात उलटेसुलटे करून पाहत बसले होते. हे मला दिसलं होतं. मी स्क्रू पिळत राहिलो. त्या माणसाच्या पायांबद्दल गाव बोलत होतं, हातांबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. ते काम मी केलं होतं, आणि पाटी रंगवून घेऊन केलं होतं.

संक्रांतीच्या सुमारास शालूबाईंचा फोन आला. आवाज थकलेला. "भाऊ, बाबानं ट्रक डब्यात घालून ठेवला. म्हणतात, वडशाच्या मानसाले घेऊन जाय म्हना. पटाले नाई जात म्हणतात. मले काई सुधरत नाई."

मी गेलो. ट्रक खोक्यात, खोकं सुतळीने बांधलेलं, गाठ बैलाची बांधतात तशी. माझ्याने सुटेना. डोमाजीभाऊंनीच सोडली.

"एकदा शेवटचं चालवा भाऊ," मी म्हटलं. "दोष कुठे आहे तो मला डोळ्यांनी पाहू द्या."

"दोष मालूम आहे ना तुमाले. हातात आहे."

शालूबाई म्हणाल्या, "चालवा ना बाबा एकदा." ते खुर्चीत बसले, रिमोट घेतला, चाप ओढला. ट्रक फाटकाकडे निघाला. आणि त्याच वेळी समोरून ऋषीची बैलबंडी आली.

ट्रक बैलांच्या पायात जाणार, हे आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. डोमाजीभाऊ ओरडले, "हो, हो, हो!" आणि खुर्चीत मागे रेलले, मान मागे, छाती पुढे, रिमोट दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरलेला. समोर बंडीवर ऋषी ओरडला, "हो, हो, हो!" आणि तोही मागे रेलला, मान मागे, छाती पुढे, कासरा दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरलेला.

दोन माणसं समोरासमोर, आरशात पाहावं तशी. ऋषीचे बैल जागच्या जागी थांबले. डोमाजीभाऊंचा ट्रक न थांबता बैलांच्या पोटाखालून, बंडीच्या खालून गेला आणि पलीकडे उलटा पडला.

मी तिथूनच ओरडलो. शालूबाईंना वाटलं मला काही झालं.

कासरा! ढिला सोडला की बैल निघतात, ओढला की थांबतात. हा माणूस मिसरूड फुटायच्या आधीपासून थांबवायला ओढत आला होता. आणि मी त्याच्या हातात ओढली की पळणारी गाडी दिली होती. संकट आलं की तो ओढणार, ओढलं की ती पळणार, ती पळाली की तो अजून ओढणार. हात अगदी बरोबर काम करत होते. ट्रकही बरोबर काम करत होता. दोघांची ओळख करून देणारा मीच तेवढा गाढव होतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक रिमोटच्या पोटाशी एक बारीक बटण असतं. त्याने चापाचा अर्थ उलटा होतो, ओढण्याचं ढकलणं आणि ढकलण्याचं ओढणं. इतक्या वर्षांत मला त्याचा उपयोग पडला नव्हता. उलट, गिऱ्हाईक चुकून ते सरकवेल म्हणून प्रत्येक रिमोटवर त्या बटणाला मी स्वतः चिकटपट्टी लावून देत होतो. डोमाजीभाऊंच्या रिमोटवरही होती, माझ्याच हातची, चांगली दाबून बसवलेली. नखाने काढता काढता वाटलं, ही आठवडाभर निघायची नाही. बटण सरकवलं.

"भाऊ, आता कासरा समजा. पुढे सोडला की निघेल. ओढला की थांबेल."

त्यांनी संशयाने चाप पुढे सोडला. ट्रक निघाला. धानाच्या काठाशी आला. त्यांनी "हो" म्हटलं आणि ओढलं. ट्रक थांबला. त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. मग पुष्कळ वेळ आम्हा कुणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ट्रक कोंबडीच्या मागे जायचा आणि तिच्या शेपटीशी थांबायचा. कोंबडी वैतागली.

"आता समजदार झाला," ते म्हणाले. मग ट्रककडे बघत, "लाख्या आहे याचं नाव."

शालूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी वेगाचं बटण पूर्ण फिरवून दिलं. कुणी न सांगता.

पटाच्या दिवशी डोमाजीभाऊ ऋषीच्या बंडीतून आले. फेटा बांधलेला. घोडी आणली होती, पण बंडीतल्या तणसाखाली लपवून, मधे कुणाला दिसू नये अशी. त्यांना बंडीतच बसवून बंडी धावपट्टीच्या सुरुवातीला लावली होती. खाली उतरायचं नाही आणि खुर्चीवरही बसायचं नाही, असा त्यांनी तोडगा काढला होता. शालूबाईंना एवढंही पुष्कळ होतं.

दुपारी बैल सावलीला गेले, लोक भज्यांकडे वळले आणि माइक ऋषीने घेतला. "आता आपले डोमाजीभाऊ धुरकरी लाख्याले काढून राह्यले!" लोक परत फिरले. दोन्ही बाजूंना गर्दी. डोमाजीभाऊंनी लाख्याला धावपट्टीवर ठेवायला माझ्या हातात दिलं, सोबत रिमोटही.

इथे शहाण्या माणसाने ट्रक ठेवला असता आणि रिमोट परत दिला असता. मी गर्दी पाहिली. एवढी गिऱ्हाइकं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. मी ऋषीकडून माइक मागून घेतला आणि म्हणालो, "आधी मी एक फेरी मारून दाखवतो."

चाप ओढला. ट्रक हलला नाही. अर्थातच, चाप मीच उलटा करून दिलेला, म्हणजे मी ब्रेक दाबला होता. मी गर्दीकडे पाहून हसलो आणि पुन्हा ओढला. या गाड्यांत ब्रेक दुसऱ्यांदा दाबला की त्याचा रिव्हर्स होतो. लाख्या मागे निघाला. मागे धावपट्टी नव्हती, मागे बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं गावतळं, बैल पाणी पितात ते. मी घाबरून आणखी ओढलं.

"सोड!" बंडीतून डोमाजीभाऊ ओरडले. "ओढू नको ना बे! सोड! सोडून दे!"

मी ओढतच राहिलो. सवय वाईट. लाख्या काठावरून मागच्या मागे गेला, क्षणभर तरंगला आणि बुडाला. गर्दीने जी आरोळी ठोकली तशी सकाळपासून एकाही जोडीसाठी ठोकली नव्हती.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. गुडघा पुरला नाही. कमरेइतक्या पाण्यात चिखल चाचपत असताना काठावरून आवाज आला, "डावीकडं पाहा! तिकडं नाई, तुझं डावं!" मी वर पाहिलं. काठावर डोमाजीभाऊ उभे होते. घोडी धरून. बंडीपासून बोडीपर्यंत सगळ्या गावाच्या मधून चालत आले होते, वाटभर मला शिव्या घालत. शालूबाई त्यांच्या मागे दोन्ही हात पसरून येत होत्या, पण त्यांना हात लावायची गरज पडली नव्हती. घोडीकडे कुणी पाहिलंही नाही. सगळा गाव माझ्याकडे पाहत होता.

लाख्या सापडला. पाणी उडालं तर चालतं, बुडलेलं चालत नाही, हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. आता स्वतःलाही सांगितलं. काठावर बसून तो पूर्ण खोलला, पाणी ओतलं, तोंडाने फुंकलं, उन्हात वाळवला. डोमाजीभाऊ घोडीला टेकून वर उभे. "ते स्क्रू राह्यला. तो चिखल कोन काढन?" बैल परत यायच्या थोडं आधी लाख्या खोकला, मग घरघरला.

या वेळी मी रिमोटला हातही लावला नाही.

डोमाजीभाऊ धावपट्टीच्या टोकाला उभे राहिले. दोन्ही हात रिमोटला लागतात म्हणून पोट घोडीला टेकवलं, पाठीशी शालूबाईंचा तळहात. त्यांनी चाप पुढे सोडला. लाख्या निघाला, सरळ, मागे फुफाट्याची रेघ सोडत. गर्दी आधी हसत होती, मग हसायची थांबली आणि बैलांसाठी ओरडतात तशी ओरडू लागली. पलीकडची झेंडी आली. डोमाजीभाऊ मागे रेलले, "हो, हो, हो!" आणि लाख्या झेंडीच्या पुढे उभा राहिला. इमानी जनावर उभं राहतं तसा.

ऋषी माइक घेऊन धावत आला. "डोमाजीभाऊ, दोन शब्द बोला! हे वडशाचे रिमोटभाऊ, यायनं तुमाले गाडी देल्ली, शिकवली. काई सांगा यायच्याबद्दल."

डोमाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पँटमधून अजून पाणी गळत होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, माइक जवळ ओढला आणि सावकाश, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं,

"गाडीत दोष नाई. हातातबी नाई. दुकानात आहे."